लढाऊ विमानांच्या कॉकपिटमधले अवशेष जमवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर, परभणी… प्रश्न कुठूनही आला तरी फिरून फिरून तेच चार-दोन मुद्दे असतात. म्हणून सगळे एका जागी आणले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. जे एकदा सांगून झालंय तिथे नुसता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. हातात एखादं जुनं मीटर असेल आणि ते उघडायची घाई झाली असेल, तर आधी प्रश्न ६ वाचा. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

१. कॉकपिटचे अवशेष म्हणजे लोक नेमकं काय जमवतात?

वैमानिकाच्या हाताशी आणि डोळ्यांसमोर जे जे होतं ते. अल्टिमीटर, वेगमापक, होकायंत्र, कंट्रोल स्टिकची मूठ, थ्रॉटलचा सेट, गनसाइट (नेम धरायचं उपकरण), सीटचे पट्टे, स्विचबोर्ड, पर्स्पेक्सचे (काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचे) तुकडे, ‘हे ओढा, ते दाबा’ असं लिहिलेल्या पितळी पट्ट्या. यात दोन जाती आहेत. एक, पडलेल्या विमानातून, म्हणजे जमिनीतून किंवा पाण्यातून काढलेला माल. तो वाकलेला, जळालेला, मातीने खाल्लेला असतो. दुसरा, गोदामातला माल. तो कधी विमानात बसलाच नाही, किंवा बसून सुस्थितीत उतरवला गेला. दिसायला दुसरा देखणा, पण इतिहास सहसा पहिल्याला चिकटलेला असतो, आणि लबाडीही पहिल्यातच जास्त चालते.

२. मराठवाड्यात काही हवाई लढाई झाली नाही. मग आपल्याकडे या छंदाचं काय काम?

महायुद्धात इथे बॉम्ब पडले नाहीत हे खरं. पण दुसऱ्या महायुद्धात आपले जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सच्या तीन स्क्वाड्रन (विमानांच्या तुकड्या) हैदराबादचं नाव लावत होत्या. ११० (हैदराबाद) स्क्वाड्रनला पहिल्या महायुद्धाच्या शेवटी डीएच ९ए विमानं निजामाच्या देणगीतून मिळाली. १५२ (हैदराबाद) स्क्वाड्रन १९४० साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वॉर्मवेलहून स्पिटफायर ही लढाऊ विमानं उडवत होती. २५३ (हैदराबाद स्टेट) स्क्वाड्रन त्याच उन्हाळ्यात हरिकेन ही लढाऊ विमानं घेऊन लढली. १५२ च्या बोधचिन्हात निजामाचं शिरोभूषण आहे. हीच स्क्वाड्रन १९४३ च्या अखेरीस भारतात आली आणि पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर स्पिटफायरच घेऊन लढली.

निजामाच्या संपत्तीत आपल्याकडच्या शेतसाऱ्याचा वाटा होता, हे इथल्या कुणाला वेगळं सांगायला नको. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात विमान पाहिलं नाही, त्याच्या साऱ्याचे पैसे ब्रिटनच्या आकाशात उडाले असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

दुसरा धागा सप्टेंबर १९४८ चा. १३ तारखेला सोलापूरकडून फौजा नळदुर्गाच्या दिशेने शिरल्या आणि १७ ला निजाम शरण आला. त्या कारवाईत पुण्याहून भारतीय हवाई दलाची टेम्पेस्ट विमानं मदतीला होती. टेम्पेस्ट हे महायुद्धातलंच लढाऊ विमान. तेव्हा आपला संबंध अगदीच ओढूनताणून आणलेला नाही.

३. ‘निजामाच्या स्पिटफायरचा मीटर’ म्हणून एक जण विकतोय. घेऊ का?

हा प्रश्न इतका येतो की उत्तर पाठ झालंय: मीटर घ्यायचा तर मीटरच्या भावात घ्या, निजामाच्या भावात नको.

कारण सरळ आहे. स्क्वाड्रनची अक्षरं (१५२ ची ‘यूएम’, २५३ ची ‘एसडब्ल्यू’) विमानाच्या अंगावर रंगवलेली असत. मीटरवर ती नसतात. मीटर हा भांडारातला माल. आज या विमानात, बिघडला की दुरुस्तीला, तिथून दुसऱ्याच विमानात. त्यामुळे सुटा मीटर कितीही अस्सल असला तरी तो कोणत्या स्क्वाड्रनचा हे त्याच्याकडे बघून कुणालाही सांगता येत नाही. जो छातीठोकपणे सांगतो त्याच्यापासून दोन हात लांब राहा.

दावा मानायचा तर साखळी पूर्ण हवी. विमानाचा सिरियल नंबर, पडल्याची तारीख, जागा, उत्खनन कुणी केलं, कोणत्या परवान्याने, आणि तिथून तुमच्यापर्यंत वस्तू कुणाकुणाच्या हातून आली. ब्रिटिश स्क्वाड्रनच्या रोजच्या नोंदवह्या लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘एआयआर २७’ या मालिकेत आहेत. तारीख आणि सिरियल मिळाला की ताळा करता येतो. विक्रेता म्हणाला की ‘कागद हरवले, पण माझ्यावर विश्वास ठेवा’, तर विश्वास ठेवा आणि पैसे खिशातच ठेवा.

४. तबकडी बघून विमान कोणत्या देशाचं ते कळतं का?

देश बऱ्यापैकी कळतो, विमान क्वचितच. एककं बघा.

इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब दाखवणारा मीटर सगळ्यात बोलका. ब्रिटिश बूस्ट गेज वातावरणापेक्षा किती पौंड जास्त किंवा कमी ते दाखवतो, म्हणून त्यावर अधिक-उणे आकडे असतात. अमेरिकन मीटर पाऱ्याच्या इंचात बोलतो. जर्मन तबकडीवर ‘एटीए’ (वातावरणाच्या दाबाचं एकक) लिहिलेलं असतं. वेगमापकावर ब्रिटिशांचे मैल, जर्मनांचे किलोमीटर. जपानी नौदलाचे नॉट्स, जपानी लष्कराचे किलोमीटर. अल्टिमीटरच्या छोट्या खिडकीत हवेचा दाब लावायची सोय असते. तिथे मिलिबार दिसले तर ब्रिटिश, पाऱ्याचे इंच दिसले तर अमेरिकन.

इथे एक फसगत आहे. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रॉयल एअर फोर्सकडे अमेरिकन बनावटीची थंडरबोल्ट विमानं होती. म्हणजे वैमानिक ब्रिटिश आणि मीटर अमेरिकन. आणि ब्रिटिश वेगमापकावर नॉट्स असतील तर तो बहुधा युद्धाच्या अगदी शेवटचा किंवा नंतरचा समजावा.

५. मागच्या पट्टीवर आकडे-अक्षरं आहेत. ती कशी वाचायची?

भिंग घ्या आणि तिरक्या उजेडात बघा. समोरून टॉर्च मारला तर खोदलेली अक्षरं दिसतच नाहीत.

ब्रिटिश उड्डाण-मीटरवर बहुतेक ‘६ए’ने सुरू होणारा भांडार क्रमांक असतो. विजेच्या सामानावर ‘५सी’, वायरलेसवर ‘१०’ची मालिका. सोबत ‘ए’ आणि ‘एम’ अक्षरं, त्यांच्यावर मुकुट: एअर मिनिस्ट्रीचा शिक्का. त्या मुकुटाचा घाट नीट पाहा. राजाच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी वर गोलाकार असतात. १९५३ मध्ये एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक झाला, त्यानंतरच्या मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतात. दबलेला मुकुट दिसला की महायुद्ध विसरा.

जर्मन मालावर ‘एफएल’ आणि पुढे आकडे. अमेरिकन मालावर ‘एएन’, म्हणजे लष्कर आणि नौदल दोघांचं सामाईक प्रमाण. जपानी पट्टीवर शोवा वर्ष असेल तर त्यात १९२५ मिळवा: शोवा १८ म्हणजे १९४३.

चार-दोन-तीन-चार अशा गटात तेरा आकडे असतील तर तो नेटो पद्धतीचा क्रमांक, म्हणजे युद्धानंतरचाच. त्यात दुसरा गट देशाचा असतो: ९९ ब्रिटन, ७२ भारत. आपल्याकडे ‘वर्ल्ड वॉर पीस’ म्हणून फिरणाऱ्या मालात हा ७२ बरेचदा सापडतो. वस्तू खोटी नसते, गोष्ट खोटी असते.

६. काट्यांवर पिवळट-तपकिरी रंग आहे, पण अंधारात चमकत नाही. म्हणजे रेडियम संपलं ना?

नाही. हा गैरसमज सगळ्यात घातक आहे.

त्या रंगात दोन गोष्टी असतात. रेडियम, आणि त्याच्या किरणांनी उजळणारं झिंक सल्फाइड. वर्षानुवर्षं मारा सोसून झिंक सल्फाइड निकामी होतं, म्हणून चमक जाते. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) मात्र सुमारे १६०० वर्षं. १९४० चा मीटर रेडियमच्या हिशेबाने कालच बनलाय. उलट जुना रंग ठिसूळ होऊन त्याची पूड पडते, आणि खरा धोका त्या पुडीचा. ती श्वासातून किंवा हाताला लागून पोटात गेली तर शरीर तिला कॅल्शियमसारखं वागवतं आणि ती हाडात जाऊन बसते.

मग करायचं काय? काच शाबूत असेल तर उघडू नका. काच फुटलेली असेल तर वस्तू दोन जाड, घट्ट बंद होणाऱ्या पिशव्यांत घाला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पुसायचा, ब्रश मारायचा, फुंकर घालायचा मोह आवरा. हात साबणाने धुवा. झोपायच्या खोलीत, देवघरात, मुलांच्या कपाटात असले मीटर ठेवू नका. रेडियमपासून रेडॉन वायू निघतो, म्हणून बरेच मीटर एकाच बंद कपाटात कोंडू नका. हवा खेळती हवी.

रेडियम आहे की नाही हे डोळ्यांनी ठरत नाही. गायगर काउंटर लागतो. काही तबकड्यांना नुसता अतिनील दिव्याखाली उजळणारा रंग असतो, त्यात किरणोत्सार नसतो. पण मोजेपर्यंत आहे असंच धरून चाला. किरणोत्सारी वस्तू बाळगण्याचे नियम आपल्याकडे अणुऊर्जा नियामक परिषद पाहते, तिचं कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला आहे. घेण्याआधी तिथे लेखी विचारा. रेडियमचा मीटर नकोसा झाला तर विल्हेवाटही त्यांच्याच सल्ल्याने. कचऱ्याच्या घंटागाडीत नाही, विहिरीत तर नाहीच.

७. ‘चालू आहे का’ हे बघायला मागच्या नळीला तोंड लावून हवा ओढतात. बरोबर आहे का?

युक्ती जुनी आहे. अल्टिमीटरमधून थोडी हवा ओढली की आतल्या धातूच्या डब्या फुगतात आणि काटे ‘वर चढतात’. वेगमापकात हलकेच फुंकलं की काटा पुढे जातो. बाजारात विकणारे हे जादूगारासारखं करून दाखवतात. पण आत रेडियमची पूड असेल तर ती थेट तुमच्या तोंडात. शिवाय जोरात ओढलं की नाजूक डबी कायमची वाकते. शोकेसमध्ये ठेवायच्या मीटरचे काटे फिरलेच पाहिजेत असा हट्ट कशाला?

८. जालन्याच्या किंवा आमच्या गावच्या भंगारात विमानाचे मीटर दिसले तर?

भंगारात काहीही येऊ शकतं, आणि जालन्याच्या स्टीलच्या भट्ट्यांना दुरून दुरून भंगार येतं. स्क्रूड्रायव्हरने काच उचकटून पितळ एकीकडे, ॲल्युमिनियम दुसरीकडे, असं वेगळं करणारा माणूस रोज तेच करत असतो. तबकडी त्याच्या लेखी कचरा. त्याला आधी प्रश्न ६ मधली गोष्ट सांगा, भाव नंतर करा. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ असलेलं यंत्र तोडलं गेलं, त्यात एका कामगाराचा जीव गेला. मीटरमधलं रेडियम त्याच्या तुलनेत फारच थोडं, पण सवय तीच: काय आहे हे न कळता तोडणं. मीटरांचा ढीगच दिसला तर खरेदी बाजूला ठेवा आणि परिषदेला कळवा.

९. नवशिक्याने सुरुवात कशाने करावी?

रेडियम नसलेल्या, लहान, नंबर स्पष्ट असलेल्या वस्तूने. स्विच, सूचनापट्टी, सीटच्या पट्ट्याचं बक्कल. मीटर नंतर. स्पिटफायरच्या मुठीचं स्वप्न त्याच्याही नंतर, कारण तिचा भाव लाखांत जातो आणि नकलाही तिच्याच सगळ्यात जास्त (प्रश्न १०).

१०. स्पिटफायरची गोल मूठ खरी की नकली, कसं ओळखू?

ही मूठ म्हणजे दांड्याच्या टोकाला असलेलं कडं. आत अंगठ्याजवळ गोळीबाराचं बटण, त्याभोवती ‘सेफ’ आणि ‘फायर’ असं फिरणारं कडं, आणि पुढच्या बाजूला ब्रेकची पट्टी. गोळीबार आणि ब्रेक दोन्ही दाबाच्या हवेवर चालत, म्हणून खऱ्या बटणाच्या मागे हवेच्या नळीच्या जोडण्या असतात. नुसती विजेची तार निघत असेल तर शंका घ्या. तोफा बसवलेल्या नंतरच्या विमानांत बटण लांबट आणि डुलणारं: वर दाबलं तर मशीनगन, खाली दाबलं तर तोफ, मध्ये दाबलं तर दोन्ही.

आजकाल घरच्या संगणकावर विमान उडवणाऱ्यांसाठी हुबेहूब मुठी बनतात, त्यात वाईट काहीच नाही. त्या ‘म्हाताऱ्या’ करून विकल्या जातात ते वाईट. खरी झीज जिथे हात लागतो तिथे असते, अंगठ्याखाली आणि ब्रेकच्या पट्टीच्या टोकाला. सगळीकडे सारखाच घासलेला रंग दिसला तर तो सॅंडपेपरचा प्रताप.

आणखी एक: ‘ब्रह्मदेशात पेट्यांत पुरलेल्या स्पिटफायरमधला भाग’ अशी कुजबुज अजूनही ऐकू येते. त्या पेट्यांचा शोध यांगूनच्या मिंगलाडोन विमानतळावर २०१३ मध्ये खणून घेतला गेला. एकही विमान मिळालं नाही. जे सापडलंच नाही त्याचा भाग कुठून येणार?

११. इंग्लंडमधून उत्खननातला भाग घेतोय. तिथला कायदा माझ्यावर कशाला?

तुमच्यावर खटला नाही होणार कदाचित, पण चोरीचा माल तुमच्या शोकेसमध्ये येईल. ब्रिटनमध्ये १९८६ च्या प्रोटेक्शन ऑफ मिलिटरी रिमेन्स ॲक्टनुसार लष्करी सेवेत असताना पडलेलं प्रत्येक विमान आपोआप संरक्षित आहे, जर्मनसुद्धा. संरक्षण खात्याच्या परवान्याशिवाय तिथे हात लावता येत नाही. अमेरिकेने आपल्या बुडालेल्या लष्करी विमानांसाठी २००४ साली असाच कायदा केला. पापुआ न्यू गिनीतून युद्धकालीन अवशेष परवानगीशिवाय बाहेर नेता येत नाहीत. म्हणून विक्रेत्याकडे उत्खननाच्या परवान्याची प्रत मागा. हीच प्रत प्रश्न ३ मधल्या साखळीची पहिली कडी ठरते, म्हणजे एका कागदात दोन कामं होतात.

१२. पार्सलने मागवताना काय अडचण येते?

रेडियमचा मीटर साध्या टपालाने पाठवताच येत नाही. ‘जुनं घड्याळ’ असं लिहून पाठवतो म्हणणाऱ्याला नकार द्या, वाटेत पकडलं गेलं तर नाव तुमचं असतं. स्पिटफायर-हरिकेनमधलं मोठं होकायंत्र अल्कोहोलने भरलेलं असतं. ते ज्वलनशील, म्हणून आधी रिकामं करून घ्यावं लागतं. पाकिटावर ‘गिफ्ट’ लिहून शुल्क वाचवायचा सल्ला अजून फिरतो. ती माफी डिसेंबर २०१९ मध्येच बंद झाली, राखी वगैरे किरकोळ अपवाद सोडून. खरी किंमत, खरं वर्णन आणि आतल्या वस्तूचा फोटो, एवढं पार्सलवर असेल तर कस्टम्समध्ये निम्मा त्रास वाचतो.

१३. शेतात नांगरताना किंवा विहीर खणताना विमानाचा तुकडा निघाला तर तो माझा का?

लगेच नाही. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. त्यावर लष्करी विमान ही सरकारी मालमत्ता. तेव्हा पोलीस पाटील, तलाठी, तहसील असा रस्ता धरा. त्याआधी जागेवरच फोटो काढा. तुकडा कोणत्या दिशेला पडला होता, किती खोल होता, हे एकदा उचलल्यावर कधीच परत कळत नाही.

गोळ्या, नळकांडी, पंख असलेला डबा दिसला तर हातही लावू नका, बाजूला व्हा आणि पोलिसांना फोन करा. बॉम्बशोधक पथक येऊ द्या. विमानातल्या २० मिलिमीटर तोफेच्या गोळ्यात स्फोटक असू शकतं, आणि ऐंशी वर्षांत ते शांत झालं असेल असं समजायला काहीच आधार नाही. हाड किंवा कपड्याचा तुकडा दिसला तरी तिथेच थांबा (प्रश्न १९).

१४. हे पुरातन वस्तूंच्या कायद्यात येतं का? नोंदणी लागते?

१९७२ च्या कायद्यात ‘पुरातन वस्तू’साठी साधारण शंभर वर्षांची अट आहे. दुसऱ्या महायुद्धातली वस्तू अजून त्या रेषेच्या अलीकडे आहे. १९४० चा भाग २०४० मध्ये शंभरी गाठेल. पहिल्या महायुद्धातला भाग मात्र रेषा ओलांडून गेलाय, म्हणून ११० स्क्वाड्रनच्या डीएच ९ए चं काही हाती आलं तर देशाबाहेर पाठवण्याचा विचारही करू नका. नवी वस्तू बाहेर पाठवतानाही कस्टम्सवाला विचारू शकतो, तेव्हा पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती ‘पुरातन नाही’ असा दाखला आधीच घेतलेला बरा.

१५. गनसाइट चालेल का? मशीनगनचे भाग?

काचेवर प्रकाशाचं वर्तुळ पाडणारी गनसाइट, बॅर अँड स्ट्राउडची ब्रिटिश असो की जर्मन रेवी, मुळात दिवा आणि भिंगांचं उपकरण आहे. संग्राहकांचा हा आवडता नग. मशीनगनची नळी, ब्रीच, काडतूस यांचा मामला वेगळा. तिथे १९५९ चा शस्त्र कायदा येतो आणि ‘शोभेची वस्तू आहे साहेब’ हे उत्तर पुरत नाही. घेऊ नका, कुणी फुकट दिली तरी.

एक कमी माहीत असलेला धोका: शत्रू-मित्र ओळखणाऱ्या आयएफएफ संचात तो नष्ट करण्यासाठी स्फोटक बसवलेलं असे. कॉकपिटमध्ये त्याची दोन बटणं शेजारी असत, दोन्ही एकदम दाबली तरच उडावं म्हणून. बटणांची पेटी निरुपद्रवी. संच मात्र तपासून घेतल्याशिवाय उघडू नका. युद्धानंतरच्या जेट विमानांच्या इजेक्शन सीटमधल्या काडतुसांचंही हेच.

१६. मातीने माखलेला भाग कसा साफ करू? घरी पितळ पितांबरीने लख्ख होतं.

देवघरातलं पितळ लख्ख करा, हे नको. पितांबरी, चिंच, लिंबू, सोडा, तारेचा ब्रश: यातलं काहीही लागलं की रंगाचा थर, छापलेले आकडे, जळाल्याचे डाग सगळं जातं, आणि त्यांच्यासाठीच तर तुम्ही पैसे मोजलेत.

आधी सावलीत सावकाश वाळू द्या. उन्हात नको. मग मऊ ब्रश आणि बांबूची काडी. पाणी लागलंच तर बोअरचं नको, आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं आणि वाळल्यावर क्षाराचे पांढरे डाग सोडतं. पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर स्वस्त आणि चांगलं. ॲल्युमिनियमवरची पांढरी पूड म्हणजे गंज. ती सैल असेल तेवढीच काढा. पापुद्रे सुटत असतील तर घासणं थांबवा, तिथे धातू आतून फुगलाय. ॲल्युमिनियम आणि पितळ जोडलेला भाग पाण्यात बुडवून ठेवू नका, एक धातू दुसऱ्याला खातो. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, किंवा ॲसिटोनमध्ये पातळ केलेलं पॅरालॉइड बी-७२ (पारदर्शक राळ). दोन्ही पुढे काढता येतात. वार्निश काढता येत नाही.

हिरवा किंवा पिवळट-हिरवा प्रायमर कोरडा घासू नका, झिंक क्रोमेटची धूळ कर्करोगाला आमंत्रण. समुद्रातून काढलेल्या भागांची गोष्ट निराळी, त्यातलं मीठ काढायला महिनोन् महिने लागतात. ते काम जाणकाराकडे द्या.

१७. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ ला जातो. वस्तू टिकतील?

धातूला कोकणापेक्षा आपली कोरडी हवा मानवते. उन्हाळ्यात त्रास होतो तो रबर, चामडं आणि पर्स्पेक्सला. पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पर्स्पेक्सला बारीक भेगांचं जाळं पडतं, ते परत जात नाही. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि ओलावल्या की बदला.

खंडेनवमीचं एक सांगायचं राहतं. घरातली माणसं प्रेमाने मीटरवर हळद-कुंकू वाहतात. हळदीचा डाग जुन्या रंगात मुरला की निघत नाही. पाटावर वस्त्र अंथरून वस्तू ठेवा आणि हळद-कुंकू पाटाला लावा. आजीही समजून घेते, सांगून बघा.

१८. मिग-२१ चा मीटर ‘युद्धकालीन’ म्हणायचा का?

म्हणायला हरकत नाही, १९७१ चं युद्धही युद्धच. आपली बरीच मिग-२१ विमानं नाशिकजवळच्या ओझरला बनली आणि २६ सप्टेंबर २०२५ ला हवाई दलातून निवृत्त झाली. रशियन अक्षरं आणि आतला निळसर-हिरवा रंग यावरून भाग लगेच ओळखू येतो. पण ‘७१ च्या लढाईतलं विमान’ हा दावा आला की पुन्हा प्रश्न ३ मधली साखळी मागा. सरकारी लिलावातून आलेल्या मालाची पावती सोबत असलीच पाहिजे. पावती नसलेला हवाई दलाचा माल म्हणजे उद्या पोलीस ठाण्यात उत्तरं द्यायची तयारी.

१९. त्या विमानात कुणीतरी मेलं असेल. असं काही घरात ठेवावं का? आई नको म्हणते.

आईचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. दोष लागतो की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग, पण प्रश्न रास्त आहे. माझा स्वतःचा दंडक असा: यंत्र चालतं, माणसाचं खाजगी काही चालत नाही. घड्याळ, नाव कोरलेलं लॉकेट, ओळखपट्टी, पत्र हे घरच्यांचं, संग्राहकाचं नाही. अशी वस्तू विकायला आली तर त्या देशाच्या दूतावासाला कळवा.

ज्यांचे देह मिळाले नाहीत अशा वीस हजारांहून जास्त हवाई सैनिकांची नावं इंग्लंडमध्ये रनीमीडच्या स्मारकावर कोरलेली आहेत. पूर्वेकडच्या आघाडीवरच्यांची सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर. तुमच्या भागाचं विमान आणि वैमानिक खरंच माहीत असेल, तर शोकेसमधल्या चिठ्ठीवर विमानाच्या आधी त्याचं नाव लिहा.

२०. माझ्याकडे विमानाची डेटा प्लेट (विमानाची ओळख कोरलेली पट्टी) आहे. परदेशातून एक जण भरपूर पैसे देतोय. का बरं?

कारण मोडक्या अवशेषांवरून पुन्हा उडणारं स्पिटफायर उभं करणाऱ्यांना ‘हे तेच विमान’ असं दाखवायला मूळ ओळख लागते, आणि ती त्या पट्टीत असते. विकायला बंदी आहे असं नाही. पण पट्टी गेली की तुमच्याकडच्या बाकीच्या भागांचा आधारही जातो. विकायचंच तर सगळे भाग एकत्र, कागदांसह. पट्टीचे दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो आणि खिळ्यांच्या भोकांचं माप मात्र जवळ ठेवा.

२१. हे सगळं जागच्या जागी, विमानात बसवलेलं कुठे बघायला मिळेल?

दिल्लीत पालमच्या भारतीय हवाई दल संग्रहालयात. हरिकेन, स्पिटफायर, टेम्पेस्ट आणि जपानी आत्मघाती ‘ओका’ एकाच छताखाली आहेत. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस थेट दिल्लीला जाते, परभणी, जालना, संभाजीनगर वाटेतच लागतात. ब्रह्मदेशच्या आघाडीत रस असेल तर इंफाळचं पीस म्युझियम, आणि अरुणाचलमध्ये पासीघाटचं ‘हंप’ (हिमालयावरून चीनकडे जाणारा युद्धकाळातला हवाई मार्ग) संग्रहालय, जे २०२३ मध्ये सुरू झालं. जाण्याआधी सुट्टीचे वार पाहून घ्या.